दूध आटू नये म्हणून

१४ बहमन १३४८ फसली, इंग्रजी सालाने डिसेंबर १९३८. त्या दिवशी बोरीच्या आबासाहेबांनी छबूबाईला दरमहा साडेसात रुपयांवर, निजामाच्या हाली सिक्क्यात, नातवाला पाजायला ठेवून घेतलं. त्यांची थोरली सून बाळंतपणात गेली होती आणि मागे नऊ दिवसांचा मुलगा राहिला होता. छबूबाई येलदरीची. तिची झुंबर तेव्हा चार महिन्यांची होती.

अट एकच होती. एका बाईचं दूध दोन लेकरांत वाटलं की पातळ होतं, असा त्या भागात पक्का समज. म्हणून झुंबरने येलदरीलाच राहायचं, आत्या कस्तुराबाईजवळ, वरच्या दुधावर. पाडव्याला छबूबाईने जाऊन लेकीला बघून यायचं.

"तीन महिन्यांचा तर सवाल हाय," नवरा सूर्यभान म्हणाला. "पोरगी काय तुला इसरती व्हय?"

बोरीला छबूबाईच्या जेवणाचे लाड होते. मेथीचे लाडू, अळिवाची खीर, तुपात चुरलेली भाकरी. स्वयंपाकीण कमलबाई ताट पुढे सरकवताना म्हणायची, "खा बाई. म्हशीला सरकी अन् तुला लाडू. म्हैस निदान शेपटी तरी हलवती."

"मी बी हलवते की, आबासाहेब दिसल्यावर."

दोघी हसायच्या. मग घास तोंडात घेतला की छबूबाईला वाटायचं, आता झुंबरच्या पोटात काय असेल? मांडीवरचं पोर रडलं की पान्हा फुटायचा. पान्ह्याला कोण कुणाचं हे कळत नव्हतं. येलदरीचा सटवाजी आठवड्याच्या बाजाराला बोरीला यायचा. परसदारी उभा राहून तो सांगायचा, "खेळायलीय तुझी लेक." त्या एका वाक्यावर ती पुढचा आठवडा काढायची.

होळीच्या आधी सटवाजी आला तो परसदारी गेलाच नाही, समोरून आबासाहेबांकडे गेला. झुंबर जुलाबाने गेली होती.

आबासाहेबांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "बाईला कळलं की दूध आटणार. एक मरण झालंय या घरात, दुसरं मला सोसायचं न्हाई. पाडव्यापातुर कुणी तोंड उघडू नका."

लेकरू गेल्याचं ऐकलं की आईचं दूध आटतं, गावात कुणालाही विचारलं तरी तो हेच सांगे. सूर्यभानलाही ते पटलं. दोन दिवसांनी तो आला, ओसरीवर जेवला आणि बायकोला म्हणाला, "बरी हाय झुंबर. दात यायलेत."

त्या दुपारी आबासाहेबांचे धाकटे चिरंजीव दिनकरराव छबूबाईजवळ येऊन बसले. ते हैदराबादला इंग्रजी शिकलेले. बातमी त्यांना ठाऊक होती. ती सांगावी असं त्यांच्या फार मनात होतं. सांगू लागले ते भलतंच.

"छबूबाई, इंग्रजीत तुला नर्स म्हणतात. दवाखान्यातल्या बाईला म्हणतात तोच शब्द. पण तो अर्थ नंतरचा. मूळ लॅटिन भाषेतलं, पाजणं, पोसणं. आधी दूध पाजणारी ती नर्स, मग लेकरं सांभाळणारी, आणि अगदी शेवटी आजाऱ्याची सेवा करणारी."

"आन् आपल्याच लेकराला पाजती तिला काय म्हंत्यात, धाकलं मालक?"

"आई पाजते त्यालाही तोच शब्द."

"मंग बरं हाय," छबूबाई म्हणाली. "पाडव्याला तेबी करते."

दिनकरराव उठून आत गेले.

पाडव्याला ती येलदरीला पोहोचली तेव्हा कस्तुराबाई दारातच उभी होती. घरातली झोळी सोडलेली होती.

"कवा?" छबूबाईने विचारलं.

"होळीच्या आधी आठ दिस."

छबूबाईने बोटांवर दिवस मोजले. मग सूर्यभानकडे वळून शांतपणे विचारलं, "दात कुणाला यायले होते?"

 नदीकाठी जिथे पुरलं होतं तिथे त्याने तिला नेलं. एक धोंडा होता, बाकी सारी रेती. ती बसून राहिली.

तिसऱ्या दिवसापर्यंत तिने अन्नाला हात लावला नाही. दूध मात्र आटलं नाही. छाती दगडासारखी झाली, चोळी भिजत राहिली. दूध आटावं म्हणून कस्तुराबाईने मोगऱ्याची फुलं आणून छातीला बांधली. काही उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी बोरीची गाडी आली. मुलगा वाटीने काही घेत नाही, असा निरोप होता.

"जाऊ नगं वाटलं तर," सूर्यभान म्हणाला.

"आटलं असतं तर गेले नसते," छबूबाई म्हणाली आणि गाडीत चढली. पुढे दीड वर्ष तिने त्या मुलाला पाजलं. तिला पुन्हा मूल झालं नाही.

झुंबरसाठी शेजारच्या धुरपताबाईकडून शेळीचं दूध घेतलं जात होतं. त्याचे नऊ आणे द्यायचे राहिले.