होसकोट्याला गिटार शिकायला गेले आणि कणीक मळून आले

"सुट्टीत राहून गिटार शिकायची आहे, कुठे जाऊ?" असं परवा एका वाचक मैत्रिणीने विचारलं. उत्तर लिहायला बसले आणि माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांनीसुद्धा! तेव्हा बाई गं, आधी माझी सहल ऐक, मग कुठे जायचं तिथे खुशाल जा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या नवऱ्याला, सुनीलला, यशवंतपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो होतो. मी एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅमर. ऑफिसमधला एक जण गाव सोडून जाताना त्याची गिटार मी घेतली होती आणि ती कपाटावर धूळ खात पडली होती. शरद सर नावाचे एक मराठी शिक्षक मल्लेश्वरमला दर रविवारी गिटारचा वर्ग घेत. पण त्या वर्गात सरळ प्रवेश नव्हता. डिसेंबरच्या सुट्टीत बंगळूरबाहेर होसकोट्याजवळ एका शेतावर त्यांचं आठवडाभराचं निवासी शिबिर असे. शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकाने एक धून वाजवून दाखवायची, आणि जे स्वच्छ वाजवतील त्यांनाच रविवारचा वर्ग मिळायचा. मला तो वर्ग हवा होता. नोकरी, घर, सासरचं येणंजाणं या सगळ्यातून आठवड्याचे दोन तास माझे, फक्त माझे. एवढंच मागणं होतं.

सुनील म्हणाला, "जा की. मी करीन काहीतरी जेवायचं." काहीतरी म्हणजे बाहेर इडली, हे मला ठाऊक होतं. तरी निघाले.

मॅजेस्टिकच्या स्टँडवरून होसकोट्याची बस पकडली. गिटारला खोळ नव्हती, म्हणून सोलापुरी चादरीत गुंडाळून सुतळीने बांधली होती. कंडक्टरने त्या गाठोड्यावर टकटक केली. "एनु इदु? वीणेना?" मी म्हटलं, गिटार. "सरी, सरी, मुंदे होग्री," म्हणजे बरं बरं, पुढे व्हा, म्हणत त्याने मला पुढे ढकललं. कृष्णराजपुरम सुटलं की तेव्हा रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे निलगिरीची झाडं, मधे द्राक्षाचे मांडव, आणि खिडकीतून असा गार वारा की कान दुखायला लागले. होसकोट्याच्या स्टँडवर गरम इडली आणि स्टीलच्या पेल्यातली कॉफी जरूर घ्या, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथून शेतापर्यंत रिक्षा मिळायची, फक्त भाव आधी ठरवून घ्यायचा.

त्याच रिक्षात माझ्याबरोबर वत्सलाअक्का बसल्या. साठीला टेकलेल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं तीन पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीत कानडी असं मिसळलेलं की वेगळं काढता येऊ नये. "लहानपणी शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब होतं बघ. संध्याकाळी त्यांच्याकडे गिटार वाजायची. मी भिंतीला कान लावून ऐकायची. अप्पा म्हणायचे, स्वल्प अभ्यास कर आधी. तो अभ्यास आत्ता संपला!" असं म्हणून त्या खळखळून हसल्या. त्यांनाही रविवारचा वर्ग हवा होता. माझ्याहून जास्तच हवा होता, असं मला वाटलं.

पहिल्या सकाळी सरांनी सगळ्यांना अंगणात सतरंजीवर बसवलं. आम्ही चौघी बायका, म्हणजे मी, अक्का आणि कॉलेजातल्या दोन बहिणी. बाकी सगळे पुरुष. सरांनी स्वतःचा डावा हात वर धरला आणि म्हणाले, "ही बोटं बघा. आठवडाभर डाव्या हाताला पाणी लावायचं नाही. पोलादी तारा आहेत, दोन दिवस बोटं ठणकतील, मग कातडी घट्ट होईल. भिजलेली कातडी मऊ पडते, तिला तार कापते. ज्याची बोटं कोरडी, त्याची गिटार खरी!"

बेळगावचे मोहनराव म्हणून एक बँकेतले होते. त्यांनी हे इतकं मनावर घेतलं की डाव्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून आंघोळीला गेले. बाकीच्या पुरुषांनीही तोच कित्ता गिरवला. न्हाणीघरासमोर रांगेत सगळे पिशव्या बांधून उभे. आम्ही हसून हसून बेजार झालो. ते हसू दुपारपर्यंतच टिकलं.

दुपारी कळलं की आचारी मेव्हण्याच्या लग्नाला गेलाय आणि काही परत येत नाही. सर अंगणात आले, हात चोळत म्हणाले, "आपलं घरगुती वातावरण आहे. बायका मिळून करतील काहीतरी साधंसं, काय?" आणि आम्ही उठलो! कुणी सांगितलं, कुणी विचारलं, काही नाही. पैसे सगळ्यांनी सारखेच भरले होते, पण चौघी अशा उठल्या जसं काही आम्हाला कुणी किल्ली दिली होती. एवढ्या माणसांचे तांदूळ धुवायचे, कणीक मळायची, डाळ, भाजी, आणि मग बोअरवेलच्या त्या बर्फासारख्या पाण्यात भांडी. खिडकीतून बाहेर दिसत होतं, सर पुरुषांना जी कॉर्डवरून सी कॉर्डवर बोटं कशी न्यायची ते शिकवत होते.

बाकी जागा सुंदर होती हो. पहाटे द्राक्षाच्या मांडवावर धुकं, कौलावर मैना, लांब कुठेतरी देवळातली घंटा. मी हे सगळं भांडी घासता घासता पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता, जेवण, चहा, परत जेवण. मधल्या वेळात पळत येऊन वर्गात बसायचं. पुरुषांची बोटं ठणकत होती, ते कौतुकाने एकमेकांना दाखवत होते. आमची बोटं सुरकुतलेली, पांढरी, तांदळाच्या पाण्यात भिजलेली. तार दाबली की कातडीत रुतायची आणि सूर फुटायच्या ऐवजी नुसती खरखर. गंमत म्हणजे अक्कांचा कान सगळ्यात तयार. कुणाची तार जरा उतरली की त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मोहनराव, तिसरी तार बघा!" आणि ती खरंच उतरलेली असायची.

तिसऱ्या दिवशी माझं मधलं बोट फाटलं. दुसऱ्या तारेवर रक्त लागलं. सर जवळ येऊन म्हणाले, "बायकांची कातडी मुळातच नाजूक. तुम्ही सावकाश घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "सर, माझी कातडी नाजूक नाही, ओली आहे! परवापासून माझे हात तुमच्या डाळ-तांदळात आहेत. आजपासून मी पाण्यात बोट घालणार नाही."

मोहनराव दबक्या आवाजात म्हणाले, "मग जेवायचं काय?"

"पिशवी बांधा आणि तांदूळ धुवा!"

सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, इतकं मनाला लावून काय घेता? घरच्यासारखं आहे ना सगळं?"

"तेच तर दुखणं आहे. घरच्यासारखंच आहे!"

मी गिटार घेऊन अंगणातच बसून राहिले. हलले नाही. त्या दोघी बहिणी जरा घुटमळल्या, मग माझ्या शेजारी येऊन बसल्या. पण अक्का? अक्कांनी पदर खोचला आणि आत गेल्या. मी मागोमाग गेले आणि त्यांच्यावरही भडकले. "अक्का, तुम्ही तरी का? रविवारचा वर्ग नकोय का तुम्हाला?"

त्या कणकेत हात घालून शांतपणे म्हणाल्या, "पायजे की गं. पण एवढी माणसं उपाशी बसलेली बघवत नाही. सवय म्हणायची. तू जा, वाजव. भांडू नको स्वल्प."

मला रडू आलं ते रागाने. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. मोहनरावांना दोन दिवस कांदे चिरायला लावले, तेवढाच काय तो माझा विजय. कणीक, डाळ, भांडी अक्काच करत राहिल्या, आणि कुणालाही, अगदी कुणालाही, त्याचं काही वाटलं नाही.

शेवटची संध्याकाळ. अंगणात दिवे लावले, शेतमालकाचं कुटुंब ऐकायला आलं. मोहनरावांनी धून वाजवली, स्वच्छ वाजली, टाळ्या पडल्या. बाकीच्या पुरुषांचंही बरं झालं. आम्हा तिघींची बोटं उशिरा कोरडी झाली होती, निम्मे सूर लागले, निम्मे मेले. मग अक्का बसल्या. पहिल्या दोन ओळींना लय अशी अचूक की सरांनी मान वर केली. तिसऱ्या ओळीला बोट घसरलं. अक्कांनी पदराला बोटं पुसली, परत धरली, परत घसरली. पुन्हा पुसली. शेवटी गिटार मांडीवर आडवी ठेवली.

सर म्हणाले, "असू दे अक्का, या वयात एवढंही पुष्कळ आहे."

या वयात! मी उभी राहिले. "सर, वयाचं काय घेऊन बसलात? सगळ्यांनी डावा हात पुढे करा. करा ना!" कसे कोण जाणे, सगळ्यांनी केले. दिव्याखाली सगळे पंजे. पुरुषांच्या बोटांच्या टोकाला पिवळट, टणक कातडी. आमची सोललेली. आणि अक्कांची पार भिजून, फुगून, भेगा पडलेली, एका भेगेत कणीक अडकलेली. "पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत ना, ज्याची बोटं कोरडी त्याची गिटार खरी?"

सरांनी त्या हातांकडे एकदा पाहिलं. मग खिशातली यादी काढत म्हणाले, "पुढच्या वेळी दोन आचारी ठेवू." आणि रविवारच्या वर्गाची नावं वाचून दाखवली. सगळी पुरुषांची.

अवघडलेपणा मोडायला म्हणून सर हसून म्हणाले, "अक्का, सगळ्यांना चहा होईल का?"

अक्का उठल्या. मी डोळेच मिटून घेतले. पण पावलं स्वयंपाकघराकडे गेली नाहीत. डोळे उघडले तर अक्का गिटार खोळीत घालत होत्या. "पातेलं ओट्यावर पालथं आहे," त्या म्हणाल्या. "साखर वरच्या डब्यात. शेगडी नीट पेटत नाही, काडी जवळ न्यावी लागते. आलं किसायचं असेल तर उजव्या हाताने किसा, सर. डावा भिजवू नका. सरी?"

त्या संध्याकाळी चहा झाला नाही.

परतीच्या बसमध्ये मला आणि अक्कांना शेजारी जागा मिळाली, उतरताना त्यांनी माझा फोन नंबर मागून घेतला. घरी पोचले तर सिंकमध्ये आठवड्याची भांडी. सुनील म्हणाला, "दमलीस ना? आधी पिठलं-भात टाकतेस का, मग निवांत सांग." मी त्याच्यापुढे डावा पंजा धरला. "बोटं ओली करायची नाहीयेत." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. रात्री त्यानेच भात लावला, तो खाली लागला आणि आम्ही तो खाल्ला.

आता तो रस्ता रुंद झालाय, मधे टोल आहे, आणि शेताच्या जागी इमारती उभ्या आहेत, त्यामुळे पत्ता विचारू नका. शरद सरांच्या वर्गाचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि खरं सांगू, मी चौकशीही केली नाही. पण तुम्ही कुठल्याही शिबिराला जाणार असाल तर गिटार कुठली, सर कोण, हे नंतर विचारा. स्वयंपाक कोण करणार, हे आधी.

राहिलं काय? राग राहिला, तो मी जपून ठेवलाय. आणि अक्कांच्या घरचा रविवार राहिला. होसकोट्याहून आल्यावर पुढच्याच रविवारी त्यांचा फोन आला, "ये गं, आपण दोघीच बसू." एका उत्तर भारतीय मुलाकडून आम्ही पुढचं शिकलो, मग आपलं आपण. अक्कांची बोटं महिन्याभरात अशी टणक झाली की त्या टेबलावर टकटक वाजवून दाखवायच्या. त्यांचे यजमान आधी सारखे डोकवायचे, जेवणाचं काय म्हणून. अक्का तार जुळवता जुळवता सांगायच्या, "भांडी पडलीयत आत."

"मग ती कोण घासणार?" त्यांनी एकदा विचारलं.

अक्कांनी वरही पाहिलं नाही. "ज्याला दिसतात, तो."