गुंड्याची कवळी

आमचे हे कवळ्या बनवतात. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर प्लॅस्टरचे जबडे, पॉलिशची मोटर आणि सगळीकडे उडणारी पांढरी पूड. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण समोरच्याच्या तोंडात बघत बोलायची ह्यांची खोड काही गेली नाही. माणूस रडतोय की हसतोय हे ह्यांना नंतर कळतं, आधी दाढ दिसते.

आणि असल्या घरात आमच्या मुलीने नोकरीला परगावी जाताना आपला कुत्रा आणून सोडला. गुंड्या. दिसेल ते चावायचं, एवढं एकच काम त्याला येतं. सोफ्याचा पाय झाला, माझी चप्पल झाली, मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण बेताचं. मग त्याने एका निवृत्त मास्तरांची तयार कवळी फोडली, आणि महिन्याभरात एका आजींची. तेव्हा मात्र मी ठणकावलं, "अहो, आता या घरातली आणखी एक कवळी त्याच्या तोंडात गेली, की त्याची रवानगी भाऊजींच्या शेतावर. मुलीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा." भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. त्यांना तसा फोनही करून ठेवला. ते म्हणाले, "वहिनी, कधीही पाठवा."

ह्यांचा चेहरा असा पडला की काय सांगू. माझ्या आजारपणातही इतका पडला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून गुंड्याला चघळायला काय द्यावं याचं संशोधन सुरू झालं. दोन जबडे बिजागरीवर बसवून चावा तपासायचं एक यंत्र ह्यांच्याकडे आहे. दुकानातून आणलेली एकेक वस्तू हे त्यात धरून चावून बघायला लागले. शिंगाच्या तुकड्यावर यंत्रातली दाढच उडाली, तो बाद. चामड्याची गाठ कोमट पाण्यात ठेवली तर फुगून लगदा झाली. घशात अडकेल म्हणून तीही बाद. चीजची कडक कांडी मात्र पास झाली आणि हे आठ दिवस खुशीत होते. नवव्या दिवशी गुंड्याची खरी दाढ त्याच कांडीवर चिरली.

"तुम्ही माणसाच्या दाढांत तपासलंत," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "हा कात्रीसारखा बाजूने चावतो."

सगळा जन्म दातांत घालवला आणि एवढं सुचलं नाही. मला इतकं हसू आलं की तोंड फिरवून उभी राहिले.

दाढ काढायला गुंड्याला भूल दिली, तेवढ्यात ह्यांनी पिशवीतून ठसा घ्यायचं भांडं काढून त्याच्या जबड्याचं माप घेतलं. घरी येऊन गुलाबी हिरड्यांची, सुळ्यांसकट ऐसपैस कवळी बनवली. गिऱ्हाइकांची कामं तशीच पडली. एक आजोबा ती बघून घाबरले आणि "माझी जरा लहान करा" म्हणाले.

ती कवळी यंत्रात बसवली आणि तिने अखेर निकाल दिला. जाड रबराचं पोकळ हाड, नख रुतेल इतपत मऊ आणि अख्खं गिळता येणार नाही एवढं मोठं. त्यात शिजवलेला भोपळा भरून गोठवायचा. गुंड्या त्यात तासभर गुंतायचा. भरायच्या पाळ्या लागल्या, एक दिवस ह्यांची, एक दिवस माझी.

मग एका दुपारी आम्ही बाजारातून आलो, तर पुढच्या खोलीत गुलाबी तुकडेच तुकडे. गुंड्याने स्वतःचीच कवळी फोडली होती.

हे माझ्याकडे बघेनात. गुडघ्यांवर बसून तुकडे वेचले आणि टेबलावर जुळवायला लागले. "एक सुळा नाही," म्हणाले. "गिळला असेल तर आतडं फाडेल." मी कपाटाखाली हात घातला, मोटरीमागे बघितलं, मग सतरंजी उचलली. सुळा तिथे होता. तो सापडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता, हे आता कबूल करते.

"भावाला फोन कर," हे म्हणाले. "ठरलं होतं ना."

मी स्वयंपाकघरात गेले. रबराचं हाड ओट्यावर तसंच कोरडं पडलं होतं. त्या दिवशीची पाळी माझी होती.

फोन लावला. "कुत्रा येणार नाही," म्हटलं.

"का, सुधारला की काय?" भाऊजींनी विचारलं.

"तो कुठला सुधारतोय," मी म्हटलं. फोन ह्यांच्या हातात दिला आणि भोपळा चिरायला घेतला.