रुआनीच्या कोपऱ्यातला श्वास

रुआनीइतकं स्वच्छ पुसणारं माणूस आमच्या आहोले बेटावर झालं नाही. हे मी एक आखता म्हणून सांगतो आहे, आणि आखत्याच्या तोंडून पुसणारणीचं कौतुक सहसा बाहेर पडत नाही. आम्ही जमिनीवर राखेनं आकृती आखायची, तिचं काम झालं की सूर्य मावळायच्या आत दुसऱ्या कुणी ती पुसायची, अशी इथली रीत. आखत्याला स्वतःची रेघ पुसवत नाही. इतकी सुरेख जमली आहे, एखादं टोक राहिलं तर कुठं बिघडलं, असं वाटतं. आणि राहिलेलं टोक आपल्या मनानं काम करत राहतं. म्हणून पुसायला परका हात लागतो. माझ्या रेघांना सव्वीस वर्षं तो हात रुआनीचा होता.

बाई उंच, हाडापेरानं दणकट, आवाज सगळ्या किनाऱ्यावर पोचणारा. नारळाचं ओलं सोडण घेऊन गुडघ्यावर बसायची आणि शेवटच्या रेघेपासून उलटी मागं मागं पुसत यायची. पुसताना तोंड बंद नाही.

"काय हो आखतेबुवा, हे तुम्ही काढलंत की खेकडा नाचून गेला?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही म्हणून तर पुसते. कळलं असतं तर नीट करून दिलं नसतं का?"

तिचा नवरा पोहाल शिंपल्यांसाठी बुड्या मारायचा. हा तिच्या खांद्याला लागणारा, काडीसारखा, आणि दिवसाकाठी चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. रुआनी नवऱ्याला काखोटीला मारून बाजाराला जाते, असं लोक म्हणायचे. तो ऐकून हसायचा. शिंपल्यांनी त्याची बोटं कायम चिरलेली असायची, म्हणून भाजलेल्या अळकुड्या ती सोलून त्याच्यापुढं ठेवायची. चारचौघांत त्याला शिव्या द्यायची आणि त्याची होडी वळताना दिसली की हातातलं काम टाकून उभी राहायची. मी बरीच लग्नं पाहिली. एवढा जीव लावलेला फार ठिकाणी पाहिला नाही.

त्या वर्षी पोहालच्या छातीत पाणी धरलं. श्वास घेताना आतून गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा. रुआनी त्याला उचलूनच देवळात घेऊन गेली. आमच्याकडे दोन विद्या आहेत. मागते लोक तेहेरादेवीकडे मागतात. ती देईल किंवा देणार नाही, आणि उत्तर येतं ते तिसऱ्या दिवशीच्या भरतीला, त्याआधी नाही. आम्ही आखते कुणापुढं हात पसरत नाही. रेघ बरोबर असली की काम होतंच. म्हणून मागते आम्हाला उद्धट म्हणतात आणि आम्ही त्यांना ऐतखाऊ. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. देवीपुढं मागणं पडलेलं असताना त्या घरात रेघ ओढायची नाही.

मोठी मागतीण केवेनाआई. तिनं पोहालचं मागणं घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रुआनी माझ्या दारात आली. तिला गप्प उभी राहिलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

"थोपवणी आखून द्या," ती म्हणाली.

थोपवणी म्हणजे जाणारा श्वास माणसात थोपवून धरणारी आकृती. माझ्या हातची थोपवणी आसपासच्या सात बेटांवर नावाजलेली आहे.

"मागणं पडलंय, रुआने. उद्या सकाळी भरती आहे. तेवढी कळ काढ."

"उद्यापर्यंत तो नाही टिकत."

"रीत मोडू म्हणतेस?"

"रीत नाही मरत, बुवा. माझा नवरा मरतोय."

मी नाही म्हणालो. रीतीचं कारण सांगितलं. खरं कारण असं की केवेनाआई माझ्यावर डोळा ठेवून होती आणि मला भांडण नको होतं. हे आज लिहिताना माझी मलाच शरम वाटते.

ती घरी गेली आणि तिनं स्वतःच आखली. चुलीतली राख घेऊन, पोहालच्या अंथरुणाशेजारच्या कोपऱ्यात. तिला एकही आकृती कुणी शिकवलेली नव्हती, पण सव्वीस वर्षं माझी थोपवणी पुसून ती तिच्या हाताला पाठ झाली होती. मात्र पाठ झाली होती पुसण्याच्या क्रमानं, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. ती तशीच उमटली. माझी आकृती श्वास माणसात थोपवते. तिच्या आकृतीनं तो माणसातून ओढून घेतला आणि स्वतःत थोपवला.

आणि तिसऱ्या दिवशी भरतीला देवीनं होकार दिला.

पोहाल उठून बसला. अंगात ताप नाही, गालांवर रंग. सगळं गाव गोळा झालं, केवेनाआईनं त्याच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली. मीही गेलो, जरा ओशाळूनच. रुआनीनं माझं मनगट धरून मला आत ओढलं.

"ह्याच्या छातीला कान लावा."

लावला. काळीज ठणठणीत चाललं होतं. पण छाती हलत नव्हती. मी वाट पाहिली. हलली नाही. आणि माझ्या पाठीमागं, रिकाम्या कोपऱ्यात, कुणी तरी सावकाश श्वास घेत होतं.

"भूक लागलीय," पोहाल म्हणाला. ओठ माझ्यासमोर हलले. आवाज कोपऱ्यातून आला.

मी वळून पाहिलं. तिथं नुसती राखेची आकृती. रुआनी माझ्याकडे बघत होती, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखी.

केवेनाआईला सांगावंच लागलं. तिनं कोपऱ्यापुढं बसून बराच वेळ ऐकलं. "तेहेरानं शरीर बरं केलं," ती म्हणाली. "श्वासही परत देणार होती. पण तो जागेवर नव्हताच, तर बसवणार कुठं?"

"आता?"

"पुसा. तो समोर बसलेला असताना पुसा. श्वास सुटला की छातीत शिरेल, नाही तर दारातून जाईल. शिरेल की जाईल, ते देवी मला सांगत नाही. पण तो पाण्यात असताना चुकूनही पुसू नका. श्वास छातीत गेला तरी वर यायच्या आत बुडेल."

रेघ रुआनीची, तेव्हा पुसायला परका हात हवा, म्हणजे माझा. मी ओलं सोडण घेऊन गेलो.

"उद्या," रुआनी म्हणाली. "आज पोटभर जेवलाय. आज नको."

दुसऱ्या दिवशीही उद्या. मग उधाणाचे दिवस आहेत म्हणून उद्या. मी परत फिरायचो, आणि खरं सांगतो, प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटायचं. पोहाल मेला असता तर तो माझ्या हातानं मेला असता. आमच्या दोघांच्या भेकडपणाला आम्ही दया असं नाव दिलं होतं.

ज्या बाईनं जन्मभर पुसलं, ती आता राखेच्या रेघा सांभाळू लागली. कोपऱ्याभोवती दगडांचा बांध, वर चटईचा आडोसा, मुंग्यांना हळदीची रांग. घरात वारा येऊ नये म्हणून खिडकी लिंपून टाकली. केरसुणी तर घराबाहेरच.

पोहाल पुन्हा बुड्या मारू लागला. घराबाहेर त्याचा आवाज निघत नसे, नुसते ओठ हलत. मुळात अबोल माणूस, त्यामुळं गावाच्या ते महिनाभर लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते दुसरंच. हा खाली गेला की वर येतच नाही. आधी लोक घाबरले, मग तो टोपलीभर शिंपले घेऊन वर आल्यावर नाचले. त्याला श्वासाची गरजच उरली नव्हती. तो सकाळी उतरायचा आणि सूर्य कलल्यावर वर यायचा.

"बरंय की," शेजारीण रुआनीला म्हणाली. "आमच्या ह्यांना पण एकदा आजारी पाड ग."

तो खाली असताना त्याचं बोलणं मात्र घरात ऐकू यायचं. ते त्यालाही ठाऊक होतं. त्यामुळं आयुष्यभर जे तो बोलला नाही ते समुद्राच्या तळावरून बोलू लागला. रुआनी घरकाम करत ऐकायची. मी स्वतः ऐकलंय.

"रुआने, इथं एक मासा आहे, अगदी तुझ्या भावासारखा दिसतो. येतो संध्याकाळी. अळकुड्या ठेव."

ती पदरात तोंड लपवून हसायची. उत्तरही द्यायची. त्याला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. कान त्याच्याबरोबर खाली होते. मला वाटतं, त्यांच्या संसारातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस. म्हणूनच तर उद्याचा उद्या होत राहिला.

मग बोलणं कमी झालं. वर येणं उशिरा होऊ लागलं. घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. इथं फार आवाज आहे, म्हणायचा. अन्न चिवडून ठेवायचा. त्याची कातडी थंड आणि गुळगुळीत झाली होती, आणि डोळे मिटायला तो विसरायचा. एक दिवस मीच रुआनीला म्हणालो, "आज पुसतो. तू बाहेर जा हवं तर."

तिनं पोहालकडे पाहिलं. तो ओलेत्यानं उंबऱ्यावर बसून पायाचं वाळलेलं मीठ खरवडत होता. सोडण माझ्या हातात होतं.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या नक्की, बुवा. तेहेराची शपथ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरला. दुपारी कोपऱ्यातून आवाज आला, "रुआने, आज नाही जमत." एवढंच. अजिबात घाई नसलेल्या माणसाचा आवाज. संध्याकाळी ती किनाऱ्यावर उभी राहिली. त्यानंतर चाळीस संध्याकाळी उभी राहिली. पोहाल वर आला नाही.

आता पुसता येत नव्हतं. तो खाली होता, आणि पुसणं म्हणजे त्याला बुडवणं. तो समोर बसलेला असताना पुसायची हिंमत आम्हाला झाली नाही, आणि आता हिंमत करून उपयोग नव्हता. रुआनी मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. तिनं पुसायचं काम सोडलं. माझ्या रेघा आता दुसरीच एक बाई पुसते, टोकं ठेवते, आणि मी रागावतो. रुआनी कोपऱ्याशेजारी बसून सोडणाचे दोर वळते. श्वास चालू असतो. मधूनमधून तो काही बोलायचा, पण तिला उद्देशून नाही. "इकडे", "सोड ते", असले सुटे शब्द. एकदा पुष्कळ हसला. ती मला म्हणाली, "सुखात आहे मेला," आणि दोर इतका करकचून ओढला की तुटला. तरी ती म्हणायची, येईल. कंटाळेल आणि येईल. तेवढ्यासाठी ती जगत होती. तो एकदा समोर येऊन बसावा, मग क्षणाचाही उशीर करायचा नाही. भिजवलेलं सोडण ती रोज तयार ठेवायची.

गेल्या महिन्यात भर दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. मी आत गेलो तर ती गुडघ्यावर बसलेली, कान कोपऱ्याकडे.

"ऐका. दोन आहेत."

मी ऐकलं. एक पोहालचा, जुना, संथ. त्याला चिकटून दुसरा होता, लहान, घाईचा, मध्येच अडखळणारा. रुआनी-पोहालला मूल झालं नव्हतं. तसा श्वास त्या घरात कधी कुणी घेतला नव्हता. माझ्या विद्येत याला उत्तर नाही. पोहालच्या पोटचं मूल म्हणून त्याचाही श्वास त्याच रेघेत आला असावा, यापलीकडे मला काही सांगता येत नाही. आई कोण, किंवा काय, याचा विचार मी करत नाही.

तेवढ्यात पोहाल बोलला. इतक्या मायेनं की मला आधी तो ओळखू आला नाही.

"वर? वर कुणी नाही, बाळ. कुणीच नाही."

रुआनी हलली नाही. तिचा चेहरा मला पाहवेना, म्हणून मी रेघांकडे पाहत राहिलो. मग तिनं हात लांब करून सोडण उचललं. पिळून जास्तीचं पाणी काढलं. चटई बाजूला केली, दगड एकेक उचलून मागं ठेवले, आणि शेवटच्या रेघेपाशी हात नेला. परका हात लागतो हे मी तिला सांगायला हवं होतं. पण इतक्या वर्षांनी तो हात परकाच झाला होता.

पोहाल पुन्हा काही पुटपुटला. मग कोपऱ्यातला लहान श्वास लांबला, एक उसासा आला, आणि तो खोल, सारखा चालू लागला. रुआनीचा हात तसाच अधांतरी राहिला. सोडणातून एक थेंब पडायला झाला, तो तिनं दुसऱ्या तळहातावर झेलला.

"रुआने," मी म्हणालो.

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना, बुवा. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."