ओट्यावरचा उजेड

मागच्या रविवारी दुपारी चार वाजता आईच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या कपाटाखाली, दिव्याची पट्टी बसवून झाली. पट्टी बारा व्होल्टची, पाणी न शिरणारी. वाफ लागणार नाही आणि फोडणीचे तेल उडणार नाही अशी जागा वायरमनने दोनदा मोजून ठरवली, शेगडीपासून हातभर लांब.

आईची नजर वर्षभरात फार कमी झाली आहे. एवढ्या उजेडातही दिसले नाही तर तिचा गॅस बंद आणि बाहेरचा डबा सुरू, असे माझ्या थोरल्या भावाने, दादाने, सांगून ठेवले होते.

जुना दिवा छताच्या मध्यभागी आहे. ओट्याशी उभे राहिले की तो पाठीमागे येतो आणि आपलीच सावली पोळपाटावर पडते. आईने चाळीस वर्षे त्या सावलीत पोळ्या लाटल्या. आम्ही घरभर दिवे बदलले. तिथला बदलला नाही, कारण ताटात पोळी वेळेवर येत होती. काम बिघडत नाही तोवर, करणाऱ्याला दिसते की नाही हे कोणी विचारत नाही.

वायरमनने बटण दोनदा दाबून पाहिले.

"लख्ख झालं की," आई म्हणाली. "आता डाळीतला खडासुद्धा दिसेल. डबा तूच खा, दादा."

"काकू, मेन अजून बंद आहे," वायरमन म्हणाला.

मग त्याने मेन चालू केला. ओटा उजळला. आईने हात पुढे करून पट्टी चाचपली. दादाने वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला.