दोघांच्या टीममधली तिसरी ओळ

मी माझीच तक्रार करून माझीच गेममधली आयडी बंद पाडून घेतली. कुणी हॅक केली नाही, कुणी पासवर्ड चोरला नाही... स्वतःच्या अंगठ्याने 'रिपोर्ट'चं बटण दाबलं, कारण म्हणून 'फसवणूक' निवडलं आणि खालच्या रिकाम्या चौकटीत 'कृपया कडक कारवाई करावी' असंही लिहिलं. कारवाई कडक झाली.

मग हे इथे, न उलगडलेल्या अनुभवांच्या सदरात, कशाला लिहितोय, मूर्खपणाच्या सदरात का नाही, असं तुम्ही विचाराल. तसं सदर कुठे निघालं तर कळवा, मी त्याचा कायमचा लेखक व्हायला तयार आहे. पण या मूर्खपणात एक जागा अशी आहे जिथे माझा हात नव्हता. आणि नेमकी तीच जागा मला अजून उलगडलेली नाही.

भूतबित मी मानत नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ करत वाढलेल्या घरातला माणूस मी. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की माझे बाबा आधी त्याला साखर-मिठाचं पाणी पाजायचे आणि मग जेवला होतास का म्हणून विचारायचे. राहतो पिपरी मेघेला. वर्ध्यात चष्म्याच्या दुकानात आहे — खुर्चीत बसवून लोकांचे नंबर काढतो. बायको वर्षा, सेवाग्रामला दवाखान्यात सिस्टर. आणि या गोष्टीतला तिसरा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा साळा नितीन. वय चोवीस. (खरं तर या गोष्टीतला तिसरा कोण, हाच सगळा घोळ आहे, पण ते पुढे.)

नितीन हिंगणीचा. तिकडे बोरच्या जंगलातून अधूनमधून वाघ येतो, पण नेटवर्क येत नाही. म्हणून सीझन संपायच्या आधीचे काही आठवडे तो आमच्याकडे मुक्कामाला आला होता. सीझन म्हणजे आमच्या त्या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेमचा. हसू नका, त्या पोरासाठी तो खेळ राहिला नव्हता. नागपूरची एक टीम नवीन खेळाडू घेत होती आणि त्यांच्या अटी दोनच — सीझन संपताना सगळ्यात वरच्या रँकमध्ये पाहिजे, आणि आयडीवर एकही डाग नको. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला याच सीझनपुरती मोकळीक दिली होती. जमलं तर जा नागपूरला. नाही जमलं तर बुटीबोरीच्या एका कंपनीत ओळखीने जागा धरून ठेवली आहे, तिथे गुमान रुजू व्हायचं.

आता ज्यांनी हे गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. एका मैदानात खूप टीम उतरतात, शेवटी उरेल ती जिंकते. लोकांना वाटतं, जो जास्त मारतो त्याचा रँक वर. अर्धंच खरं आहे. मारण्याचे पॉइंट मिळतात, पण खरा भाव आहे जगण्याला. तुमच्याआधी किती टीम बाद झाल्या त्यावर मोठी कमाई. लवकर मेलात तर जमा झालेले पॉइंटही कापले जातात, आणि रँक जितका वरचा तितकं मरण महाग.

हे ज्या दिवशी मला कळलं त्या दिवशी माझ्या आयुष्याला दिशा मिळाली. उतरलो की मी लांबचं एखादं घर गाठायचो, त्याच्या बाथरूममध्ये शिरायचो, दार लावायचो आणि बसायचो. बाहेर शूर लोक एकमेकांना मारून संपायचे. वेळ जाईल तसं मैदान चहूबाजूंनी आक्रसत येतं; ते माझ्या घरापर्यंत आलं की मी पुढच्या बाथरूममध्ये. अशा रीतीने, जवळजवळ एकही गोळी न झाडता, मी नितीनच्याही वरच्या रँकवर जाऊन बसलो होतो.

आणि म्हणूनच त्याला माझी गरज होती. वरच्या रँकवाल्याला खालच्या रँकवाल्यासोबत जोडी लावता येत नाही, असा नियम. नितीनच्या ओळखीत त्या उंचीवर पोचलेला मी एकटाच. तो बाहेर लढायचा, मी आत जगायचो... तो पडला तरी मी जिवंत म्हणजे टीम जिवंत. "भाऊजी, तुमी फक्त मरू नका," एवढीच त्याची अपेक्षा होती.

आमची जोडी लागली आणि दोन-चार दिवसांत मला ती ओळ दिसली.

मॅच संपली की निकालाचं पान येतं. आमची टीम दोघांची, म्हणजे दोन ओळी — एक नितीनची, एक माझी. किती मारले, किती वेळ जगलात, पडलेल्या साथीदाराला किती वेळा उचललं, किती पॉइंट मिळाले. माझ्या फोनवर तिथे तीन ओळी होत्या. तिसरीत नाव नाही, फोटोच्या जागी राखाडी गोल. मारलेले शून्य. जगण्याचा वेळ मात्र आमच्या दोघांपेक्षा जास्त — बरं, जास्त म्हणजे किती, तर ती मॅच जितका वेळ चालली त्याहूनही जास्त. मॅच संपल्यावर हा कुठे जगत होता?

पहिला संशय मी स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. दुसऱ्या दिवशी दुकानात मशीनसमोर बसून स्वतःची तपासणी करवून घेतली. डोळे साफ निघाले. मालक म्हणाले, गिऱ्हाईक नाही म्हणून स्वतःच गिऱ्हाईक झालास का?

दुसरा संशय नितीनवर. कारण आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती — पोरगा एवढा जीव तोडून खेळतोय, पण त्याचे पॉइंट हवे तसे वाढत नाहीत. जणू दोघांचं ताट तिघांत वाटलं जातंय. मला वाटलं यानेच काहीतरी चोरटं ॲप टाकलंय आणि त्यातून हा उपटसुंभ येतोय. मी त्याचा फोन मागून तपासला. त्याच्या निकालाच्या पानावर मात्र दोनच ओळी. त्याच मॅचच्या, शेजारी शेजारी धरलेल्या दोन फोनवर... एकावर दोन, एकावर तीन.

मी त्याला माझा फोन दाखवायला गेलो तर तो पाहीना. आठवड्याभरापूर्वीच मी एडिट केलेला एक स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकून 'वर्धा जिल्ह्यात पहिला' असल्याची थाप मारली होती. त्यामुळे माझ्या फोनची साक्ष घरात बाद ठरली होती. उलट तोच माझ्यावर उखडला. म्हणाला, "भाऊजी, कोनतं ॲप टाकलं ते आताच काढून टाका. तुमच्यापायी माही आयडी गेली ना, त मी कोनालेच तोंड दाखवू शकत नाई."

म्हणजे मला त्याचा संशय आणि त्याला माझा. एकाच सोफ्यावर बसून आम्ही एकमेकांच्या स्क्रीनकडे तिरक्या नजरेने पाहत खेळायला लागलो. मी गेम काढून पुन्हा टाकला, पासवर्ड बदलला. दुकानातल्या एका सहकाऱ्यासोबत जोडी लावून पाहिली — मुकाट दोन ओळी. नितीनसोबत लावली की तीन.

शेवटी वर्षाला बोलावलं. तिला गेममधलं काही कळत नाही, म्हणून साक्षीदार चांगली. ड्यूटीवरून येऊन चहा घेत बसली होती. मी फोन समोर धरला आणि फक्त ओळी मोजायला सांगितल्या. तिने तीन म्हटलं. नितीनच्या फोनवर दोन म्हटलं. मग दोघांकडे पाहून म्हणाली, माझ्या वॉर्डात यापेक्षा शहाणे पेशंट आहेत. आणि कप घेऊन आत गेली. पण तीन म्हणाली होती, हे लक्षात ठेवा.

सीझनचा शेवटचा दिवस रविवार होता. दुपारची वेळ, कूलर सुरू, वर्षा स्वयंपाकघरात. नितीनला सगळ्यात वरच्या रँकला फक्त एका चांगल्या मॅचची कसर राहिली होती. ती जिंकली तर नागपूर. दुसरा नंबर आला तरी पॉइंट कमी पडून बुटीबोरी. तो सकाळपासून नीट जेवलाही नव्हता.

मॅच सुरू झाली. मी एका पिवळ्या घराच्या बाथरूममध्ये, माझ्या परंपरागत जागी. तो बाहेर. टीमवर टीम गळत गेल्या. शेवटी समोरची एक टीम आणि आम्ही, एवढेच उरलो असताना नितीन पडला. मेला नाही — नॉक झाला. म्हणजे जमिनीवर रांगतो, आणि ठरावीक वेळात साथीदाराने शेजारी बसून उचललं तर पुन्हा उभा राहतो. नाही उचललं तर गेला. आणि समोर दोघं जिवंत असताना मी एकटा उरणं म्हणजे काय, ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

माझ्या शेजारी, खऱ्या सोफ्यावर, तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, या ना. झाडामागंच पडलो आहो."

झाड दूर नव्हतं. पण मधे उघडं अंगण होतं. माझा अंगठा दाराच्या बटणावर होता... आणि मी तो दाबला नाही. मनात हिशोब चालला होता — बाहेर गेलो आणि मेलो तर माझे किती पॉइंट हुकतील. पोराचं नशीब पणाला लागलेलं आणि मी स्वतःच्या रँकचा विचार करत होतो. स्क्रीनवर माझ्या समोर बेसिन होतं. मी बेसिनकडे पाहत राहिलो.

तेवढ्यात नितीनने श्वास सोडला. "आले तुमी," म्हणाला.

मी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. त्याच्याजवळ कुणीतरी गुडघ्यावर बसलं होतं. माझ्यासारखाच पोशाख, माझ्यासारखंच लाल हेल्मेट. उचलण्याचं गोल वर्तुळ भरत चाललं होतं. मी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. बेसिन. नकाशावर माझा ठिपका पिवळ्या घरात. पुन्हा त्याच्याकडे. वर्तुळ भरलं, नितीन उभा राहिला, वळला आणि त्याने समोरच्या दोघांनाही टिपलं.

तो जिंकला. रँक वर चढला. सोफ्यावर उभा राहून त्याने माझ्या गळ्यात हात टाकले. एरवी मला कॅम्पर, म्हणजे लपून बसणारा, म्हणून चिडवणारा तो, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "भाऊजी, मानलं तुमाले. मले वाटलं नव्हतं तुमी याल म्हणून."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, अरे, घरचंच काम आहे.

तो मामाजींना फोन लावायला गॅलरीत गेला. मी निकालाचं पान उघडलं. तीन ओळी. माझ्या ओळीत — उचललं : शून्य. तिसऱ्या ओळीत — उचललं : एक.

तो जे कोण होता ते मला त्या क्षणी महत्त्वाचं वाटलं नाही. मला एवढंच दिसलं की माझ्या खोटेपणाचा पुरावा माझ्याच फोनवर पडलाय, आणि गॅलरीतून नितीन कधीही परत येईल. त्या ओळीवर बोट दाबून धरलं तर एकच पर्याय येत होता, रिपोर्ट. मला वाटलं, तक्रार केली की हा बॅन होईल आणि ओळ जाईल. बाकीचं वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी माझी आयडी बंद. कारण — फसवणुकीची तक्रार. आणि यांचा एक नियम मला तेव्हा कळला — जो फसवणुकीत सापडला, त्याच्यासोबत खेळून मिळवलेले पॉइंट साथीदाराचेही परत घेतात. नितीनचे सगळे आठवडे एका झटक्यात खाली आले. नागपूरवाल्यांनी दुसरा मुलगा घेतला.

मी गेमवाल्यांना मेलवर मेल टाकले. उत्तर आलं की त्या मॅचमध्ये आमच्या टीममध्ये दोनच खेळाडू होते, आणि ज्या खेळाडूविरुद्ध मी तक्रार केली तो मीच. मी विचारलं, मग नितीनला कुणी उचललं? उत्तर — तुम्ही. एकाच वेळी मी बाथरूममध्ये आणि झाडामागे कसा, यावर उत्तर आलं नाही. कॉम्प्युटरच्या जाणकारांना विचारलं तर कुणी म्हणालं डिस्प्लेची गडबड, कुणी म्हणालं सर्व्हरचा घोळ. असेल. पण गडबडीला माणूस उचलता येतो का? आणि तेही बरोबर त्याच क्षणी, जेव्हा ज्याचं काम होतं तो उठत नव्हता?

नितीन बुटीबोरीला लागला. एका सुट्टीला आम्ही हिंगणीला गेलो तेव्हा जेवणानंतर अंगणात बसून मी त्याला सगळं सांगितलं. बाथरूम, बेसिन, रिपोर्ट, सगळं. वर्षाने आपण तीन ओळी मोजल्याची साक्ष दिली आणि मग माझ्याकडे पाहायचं बंद केलं. नितीन सुपारी कातरत बसला. चिडला नाही, ते जास्त अवघड गेलं. मी विचारलं, तुला काय वाटतं, तो तिसरा कोण असेल?

"तिसरा कोन होता ते मले नाई माहीत, भाऊजी," तो म्हणाला. "पन आपल्या टीममदी दुसरा कोनीच नव्हता, हे आज समजलं."