कपाटातले स्फटिक

सकाळी इडलीचं भांडं चढवलं होतं. माझी नणंद प्रियदर्शिनी वेणी घालता घालता डब्यासाठी मागे लागली होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात मुकुंदराव, तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. विद्यानगरातल्या आमच्या घरी ते कधीच आले नव्हते.

"वहिनी, त्यांना बसायला सांग," ती आतूनच म्हणाली. "चहा नक्को."

मी चहा टाकलाच.

प्रियदर्शिनी चुंबकीय धातूंचे स्फटिक वाढवते. वितळलेल्या कथलात धातू घालायचे आणि भट्टी अगदी सावकाश निवू द्यायची. त्यात चिमूटभर वेगळा धातू पडला की आतलं चुंबकत्व कूस बदलतं, आणि इलेक्ट्रॉन निराळ्याच तऱ्हेने धावू लागतात. ती चिमूट नेमकी केवढी, याच्या शोधात तिची उमेदीची वर्षं गेली. मागच्या वर्षी नांदेडला माझ्या सासूबाई, म्हणजे हिची आई, आजारी पडल्या, म्हणून ही तिकडे गेली. तिच्या माघारी मुकुंदरावांनी तिच्या कपाटातली स्फटिकांची डबी काढली, मोजमापं घेतली आणि शोधनिबंध छापला. हिचं नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले, "अगं, भट्टी डिपार्टमेंटचीच ना?"

ती भांडली नाही. छापील पान पाहताच तिला चूक दिसली होती. डबीवर तिने लिहिलेलं प्रमाण भट्टीत घातलेल्या मालाचं होतं. स्फटिक त्यातलं निम्मंही उचलत नाही, म्हणून वाढल्यावर तो पुन्हा तपासावा लागतो. यांनी डबीवरचाच आकडा छापला. त्यांच्या व्याख्यानाला ही पहिल्या रांगेत बसली, टाळ्याही वाजवल्या. घरी येऊन म्हणाली, "वहिनी, पिकू दे आता." पुढे जेवताना मधेच हसायची. मला ते हसू गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता परदेशातल्या कुणी त्या आकड्याने स्फटिक बनवले होते, आणि निबंधात लिहिलेलं त्यांत काहीच दिसत नाही असं कळवलं होतं. मुकुंदरावांनी कप बशीत ठेवला. डबीवर चुकीचं लिहिलं गेलं असं तिने मान्य करावं, पुढच्या निबंधात तिचं नाव पहिलं घालू, असं ते हळूच म्हणाले. तिने शांतपणे त्यांची चूक समजावून दिली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं? सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे, सर? स्फटिक नेतानाही नाही विचारलं."

तिने वेणीला रबर लावलं.

"खरं प्रमाण देते. पुढच्या निबंधात नाव नको मला. दुरुस्तीच्या पत्रात एक वाक्य घाला: हे स्फटिक प्रियदर्शिनीने वाढवले होते आणि आम्ही ते तिला न विचारता घेतले."