समुद्रातून परत आलेलं पिंप

गोदाकाठी उपसून टाकलेली जलपर्णी कुजायला लागली, की मला ते पिंप आठवतं. लाटांपासून वीज करणाऱ्या यंत्रासाठी सिन्नरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये बनवलेलं, समुद्रावर तरंगायचं लोखंडी पिंप. कंपनीचे साहेब ते टेम्पोत घालून परत आले. “समुद्रात सोडलं आणि तुमच्या वेल्डिंगमधून पाणी शिरलं. आता नवीन करून द्या, फुकट.” पिंपाला एकही शिंपला चिकटलेला नव्हता. मी त्यावर बोट फिरवून जिभेला लावलं, खारट लागेना. नटामागे मात्र जलपर्णीची मुळं अडकली होती, आणि ती तर गोड्या पाण्यात वाढते. “साहेब, समुद्र कुठला म्हणालात?” त्यांनी फोन कानाला लावला, बाहेर गेले, ते आलेच नाहीत. पिंप अजून वर्कशॉपमागे पडलंय. ते खरंच गळतं का, हे पाणी भरून बघायचं मी आजवर टाळत आलोय.